पाय वाजला नाई

बाभळीचा काटा बुटाच्या तळातून आरपार गेला आणि देवाजीनं लाखोरी पेरलेल्या बांधीत उभ्या उभ्या साहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

बूट साहेबाचेच होते. देवाजीचा लेक लटारू माजरीच्या खाणीवर कामाला. तिथला गोरा साहेब रोज सकाळी हे बूट घालून पळायचा म्हणे, तेही कोणी मागे लागलेलं नसताना. विलायतेला परतताना तो ते लटारूला देऊन गेला आणि लटारूनं बापाकडे धाडले. वरून कापड, खालून रबर. इतके हलके, की पायात काही घातलंय याची आठवण ठेवावी लागे. पुढे चिंध्या कोंबल्यावर मापालाही बसले. "देवाजीभाऊ, वाघ लागला का मांगं?" असं सगळ्या गावानं विचारून घेतलं. पण शेताच्या धुऱ्यावरून चालताना पाय घसरत नव्हता आणि गुडघा कुरकुरायचा थांबला होता. दवात भिजले की मात्र दुपारपर्यंत वाळायचं नाव घेत नसत.

आणि वाजत नसत. जुना नाल ठोकलेला जोडा वळणावरूनच देवाजी आल्याची वर्दी द्यायचा. या बुटांत तो बगळ्याच्या अंगावर जाईपर्यंत बगळा उडत नव्हता. मागून गेला तर घरचे बैल बुजत.

काटा निघाला, पण टोक पायातच राहिलं. सुईनं काढावं म्हणून देवाजी भरदुपारी लंगडत घराकडे निघाला. एरवी दिवस मावळल्याशिवाय तो घर पाहत नसे.

फाटकाशी येऊन तो थबकला. घरामागच्या वाडीत कोणी बाई हसत होती. पोटातून येणारं, मोकळं हसणं. मध्येच खोकल्यात अडकायचं आणि पुन्हा उसळून वर यायचं. घरात कोण आलं? मार्कंडा गावची मेव्हणी? ती तर अशी हसत नाही. देवाजीनं एकदा फाटकाकडे पाहिलं. फाटक आपलंच होतं.

तो कुडाआड जाऊन उभा राहिला. आत चिंच फोडायचं काम चाललं होतं.

"पुरे व मनकर्णाबाई," शेजारची गुणाबाई म्हणाली, "पोट दुखून राह्यलं माह्यं."

देवाजी गोंधळला. हसणारी मनकर्णा होती. त्याची बायको.

"आयक तं," मनकर्णा सांगत होती. "देवकाबाई झिंगूच्या दारात उभी. तुह्या बोकडानं माह्या वालाचा वेल खाल्ला म्हने, आन हात नाचवून नाचवून शिव्या देते. मांगून तेच बोकड आलं न् तिचा पदर चघळाले लागलं. झिंगू सांगाले जाते, तं हे बाई त्याले बोलूच देत नाई! इकडं शिव्या सरल्या व, तिकडं पदर सरला!"

पुन्हा तेच हसणं.

देवाजी ऐकत राहिला. हा आवाज त्याच्याच घरात राहतो आणि त्याला पत्ता नाही, हे कसं? मनकर्णा त्याच्याशी बोलत नव्हती असं नाही. तेल सरलं म्हणायची. गाय आटली म्हणायची. तोही काही वाईट नवरा नव्हता. बायकोवर त्यानं कधी हात उगारला नव्हता, तशी गरजच पडली नव्हती. मग ही बोकडाची गोष्ट आपल्याला का नाही सांगितली? त्याला गुणाबाईचा हेवा वाटला आणि त्या हेव्याची लाजही वाटली. चिंच फोडणाऱ्या बाईचा हेवा!

तेवढ्यात तो पदर, ते बोकड त्याच्या डोळ्यांपुढे आलं आणि त्याच्या नाकातून फुस्सकन हसू निसटलं.

वाडी चिडीचूप झाली.

मनकर्णा झटकन उठली. पदर डोक्यावर आला, नजर खाली गेली. "कवा आले जी? पाय वाजला नाई."

"येतो बाई," म्हणत गुणाबाई आपलं टोपलं उचलून कुडाच्या कडेनं निघूनही गेली.

"पानी आनू?"

"बोकडाचं का झालं मंग?" देवाजीनं विचारलं.

"कोनतं बोकड?"

"झिंगूचं. आता सांगत होती ना गुणाबाईले. मलेबी सांग."

मनकर्णानं मान आणखी खाली घातली. "देवकाबाईचा पदर खाल्ला बोकडानं."

देवाजी वाट पाहत राहिला. पुढे काहीच आलं नाही. तीच गोष्ट, तेच बोकड, आणि आता त्यात काही उरलं नव्हतं. आपलं काय चुकतंय ते त्याला कळेना.

"अशी नाई. हासत होती तशी सांग."

"चुकलं जी," मनकर्णा पुटपुटली. "आता नाई हासनार."

"मी का तसं म्हटलं? मी म्हनतो, हास."

 चिंचेच्या गरानं माखलेले हात मनकर्णानं लुगड्याला पुसले, पुन्हा पुसले.  हा आवाज आत्ता गेला तर पुन्हा ऐकायला मिळायचा नाही, एवढंच देवाजीला कळत होतं, आणि तो आणायचा कसा ते कळत नव्हतं. त्याला ओरडायचं नव्हतं.

"हास म्हनतो ना मी!" तो ओरडला.

लग्न होऊन आल्यापासून मनकर्णानं त्याचा शब्द मोडला नव्हता. तिनं पदर सारखा केला, जमिनीकडे पाहिलं आणि ती हसली.