कापलेली चार मिनिटं

दोन हजार अठरा साली, थंडीतल्या एका दुपारी, धाकटीने ताईच्या हातातून रिमोट काढून घेतला.

"यंत्र हातात आलं की तू लगेच मालकीण होतेस. हे बाबांचं थिएटर नाही. गप बस आणि बघ."

"माझे डोळे दुखतात गं."

"मग मिटून ऐक. संगीतकारांचाच पिक्चर आहे."

ताईला शहात्तरावं लागलं होतं. वडिलांच्या थिएटरात तिने बावीस वर्षं प्रोजेक्टर चालवला होता. धाकटी तिच्याहून पाच वर्षांनी लहान. धाकटीचा नवरा गेल्यापासून दोघी बहिणी धाकटीच्या मुलाकडे एका खोलीत राहत होत्या आणि पंख्याच्या वेगावरून रोज भांडत होत्या. आज सुनेने त्यांना हा जुना पिक्चर लावून दिला होता. बेचाळीस वर्षांपूर्वी धाकटीने तो अकरा वेळा पाहिला होता. ताईने तर रोज चार वेळा.

राजदरबार, मेणबत्त्या, केसांचे पांढरे टोप. एकाच गुरूचे दोन शिष्य. एकाने दुसऱ्याची धून आपली म्हणून राजाला ऐकवली. दुसऱ्याने भर दरबारात वाद्याचं झाकण आपटलं आणि तो निघून गेला. धाकटीला सगळे संवाद पाठ. नटाच्या आधी तीच बोलत होती.

"आता थेट स्मशान," ती म्हणाली. "एकदा तुटलं ते तुटलं."

ताईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

स्मशान आलं नाही. पडद्यावर बर्फ पडत होतं. ज्याने धून चोरली तो, आता म्हातारा झालेला, एका दारापुढे उभा होता. टोप नाही, डोक्यावर चार केस. दार हळूहळू उघडलं. आतल्या म्हाताऱ्याने, त्या दुसऱ्या शिष्याने, त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तो आत जाऊन वाद्यापुढच्या बाकावर थोडा बाजूला सरकून बसला.

धाकटीने रिमोट दाबला. चित्र थांबलं.

"हे नव्हतं," ती म्हणाली. "ताई, हे नव्हतं ना? मागाहून घातलं असणार. हल्ली काहीही करतात."

नुसतं "हो" म्हटलं असतं तरी भागलं असतं. दुपारच्या चहाची वेळ झाली होती, विषय तिथेच मिटला असता. ताईच्या तोंडाशी तो "हो" आलाही होता.

"होतं," ती म्हणाली. "मी कापलं होतं."

धाकटीने रिमोट खाली ठेवला.

"पिक्चर लांब होता. चार खेळ बसत नव्हते. बाबा म्हणाले, चार मिनिटं काढ. मारामारी नाही, गाणं नाही, म्हणून हे काढलं. पिक्चर उतरताना कापलेली पट्टी परत जोडून पाठवायची असते. मी पट्टी खिळ्याला अडकवली आणि विसरले. रिळं गेल्यावर लक्षात आलं."

"मग?"

"मग काय. आधीच लोक म्हणत होते, बाईमाणसाच्या हातात मशीन कशाला. बाबांनी काढून घेतलं असतं. मी तोंड शिवून बसले."

धाकटीचा आवाज एकदम खाली आला. "आणि ती आली तेव्हा?"

ती म्हणजे धाकटीची मैत्रीण. दोघी मिळून मुलांच्या नाटकांना चाली लावायच्या. मैत्रिणीने त्यातली एक चाल रेडिओवर आपल्या एकटीच्या नावाने दिली. पुढे चार महिन्यांनी ती दारात येऊन उभी राहिली. कडीवर हात ठेवून धाकटी ताईला म्हणाली होती, "पिक्चरमधल्या त्याने केलं होतं का माफ?" ताई दोन हात अंतरावर उभी होती. पट्टी मागच्या खोलीत होती.

मैत्रीण तीन वर्षांपूर्वी गेली. धाकटी तेव्हाही तिच्या घरी गेली नव्हती.

"तेव्हाही गप्प बसले," ताई म्हणाली.

ती उठली. कपाटातून बटणांचा पत्र्याचा डबा काढला आणि बटणं पलंगावर ओतली. धाकटीने याच डब्यातून मुलाच्या शाळेच्या सदऱ्यांना बटणं लावली होती. डब्याच्या तळाशी पुठ्ठा होता. त्याच्याखाली बशीएवढी फिल्मची गुंडाळी. खोलीभर आंबूस वास सुटला.

धाकटी पट्टी घेऊन खिडकीशी गेली. रंग उडून सगळं लालसर झालं होतं. नखाएवढा माणूस, नखाएवढं दार. पुढच्या चौकटीत तोच माणूस, तेच दार. ती पट्टी बोटांतून सरकवत राहिली. पट्टी गुडघ्यापर्यंत लोंबली, मग जमिनीला टेकली.

"किती वेळ लागतो गं त्याला दार उघडायला," ती म्हणाली.

ताई पलंगावरची बटणं गोळा करू लागली.

"तू सांगितलं असतंस, तर मी उघडलं असतं?"

"मला काय माहीत."

"मलाही माहीत नाही," धाकटी म्हणाली. "ते आता कधीच कळायचं नाही."

सतरा दिवस ती ताईशी बोलली नाही. अठराव्या दिवशी पंख्यावरून भांडली, तेव्हा ताई न्हाणीघरात जाऊन रडली.

ताई पुढच्या उन्हाळ्यात गेली. थिएटर पाडलं, तिथे आता गाड्या उभ्या असतात. धाकटी आहे. बटणं तिने बरणीत भरलीत, डबा उशाशी असतो. आणि दिवसा ती घराच्या दाराला कडी लावू देत नाही.

"अहो आई, अशाने कोणीही आत येईल!" सून ओरडते.

"येऊ दे की," ती म्हणते आणि पलंगावर थोडी बाजूला सरकते.