टण् म्हणजे पास

एक गेली. दुसरी गेली. तिसरी

अडकली.

आर्डिसनं कानांवरचे मफ गळ्यात ओढले. पिस्तुलाचं तोंड समोरच्या मातीच्या बांधाकडेच ठेवून मान वाकडी करून पाहिलं. वरची सरकती स्लाइड पुढं येता येता नखभर अलीकडेच थांबली होती. अंगठ्यानं ढकलली. हलेना.

"मनगट," डेल्मर मागून म्हणाला.

"मनगटाचं नाव काढू नकोस."

"ढिलं सोडतेस गं. घट्ट धरलंस तर..."

"एकोणचाळीस वर्षं तुझ्याशी संसार केलाय. घट्ट धरून ठेवणं मला शिकवू नकोस."

एप्रिलमध्ये त्यानं स्प्रिंग बदलली. मेमध्ये काडतुसांचं मॅगझिन. जूनमध्ये, काडतूस नळीत चढतं तो उतार इतका घासला, की त्यात बघून दात कोरावेत. तेल तर इतकं, की पिस्तूल हातातून निसटायचं. बदलायच्या राहिल्या होत्या दोनच गोष्टी: तिचं मनगट, आणि त्यानं गॅरेजमध्ये बसून स्वतः भरलेली काडतुसं. त्यातलं काय बदलायचं, हे त्याचं कधीच ठरलं होतं.

मागं घराच्या जाळीच्या दारानं वाऱ्यात किंचाळी फोडली.

"पिस्तुलाला एवढं तेल," ती पुटपुटली, "आणि त्या दाराला एक थेंब नाही."

त्यानं ते कानाआड केलं. नेहमीसारखंच.

"दे इकडे." त्यानं अडकलेलं काडतूस काढून फेकलं, मफ चढवले, पाय रोवले. धडाधड पाच मारल्या. पत्र्याच्या पाचही ताटल्या आडव्या. मान न वळवता, सहावीसाठी चाप ओढत म्हणाला, "बघितलंस? मन

अडकली.

"तूच तापवून ठेवलंस ते," तो म्हणाला.

आर्डिस त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "हे बघ. परवा शनिवारी नेमबाजीची स्पर्धा. मागच्या स्पर्धेत अख्ख्या क्लबसमोर मी गंजलेल्या कुलपाशी झटावं तशी या पिस्तुलाशी झटत होते. आज हे सुटलं नाही, तर मी दुकानातली काडतुसं आणणार."

"दुकानातली?"

"दुकानातली."

ती घर सोडून चाललीय असं सांगितलं असतं, तरी त्याचा चेहरा एवढा पडला नसता. धान्याच्या कोठारावरची नोकरी सुटल्यापासून तो रोज सकाळी कॉफी घेऊन गॅरेजमधल्या कामाच्या बाकाशी बसायचा. तिच्यासाठी भरायचा. एकेक. दुसरं काही करायचा नाही.

"चल," तो म्हणाला. "तुझ्यासमोर तपासतो. मग मनगटाचं बोलू."

गॅरेजमध्ये तिनं पिस्तूल सोडवलं, नळी वेगळी काढली, मागचं तोंड वर करून धरली. तपासणी सोपी होती. काडतूस वरून आत सोडायचं. नीट भरलेलं असेल तर ते सरळ तळाशी जाऊन बसतं आणि पितळ वाजतं. टण् म्हणजे पास. वाजलं नाही, तर गोळी आत कुठंतरी घासतेय. डेल्मर प्रत्येक काडतूस असं ऐकून मगच कॉफीच्या डब्यात टाकायचा. डोळे मिटून. चर्चमध्ये मिटतो तसे.

आताही त्यानं मिटले. तिनं डब्यातलं एक सोडलं.

थप्.

"पास," डेल्मर म्हणाला.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. दुसरं सोडलं.

थप्.

"पास."

बाकाच्या खणात कोपऱ्याला दुकानातलं एक जुनं काडतूस पडलं होतं. तिनं ते सोडलं. टण्! काचेवर नाणं पडावं तसं.

"पास," त्याच सुरात.

"डेल्मर," ती हळूच म्हणाली, "आधीची दोन वाजली नव्हती."

त्याचे डोळे मिटलेलेच. पापणीसुद्धा हलली नाही.

तिनं डब्यातलं आणखी एक उचललं. नळीवर धरलं. आणि

सोडलंच नाही. मूठ मिटली.

"पास," डेल्मर म्हणाला. "टण्! किती झाली ही? आता तरी पटलं? तुझं मन..."

त्यानं डोळे उघडले. तिची मूठ उघडली होती. काडतूस तळहातावर. नळी रिकामी.

तो आधी तिच्या हाताकडे बघत राहिला, मग तिच्या ओठांकडे. ओठ हलत नव्हते.

काडतूस घेऊन त्यानं स्वतः नळीत सोडलं. बोटाच्या टोकानं फिरवून पाहिलं. फिरेना. रुतून बसलं होतं. नखानं उपसून काढावं लागलं.

"गोळ्या," काडतूस उजेडात धरून तो म्हणाला. "मार्चपासून नव्या आणतोय. या टोकाखाली, खांद्याला जाड आहेत. मी जुन्याच मापानं बसवत गेलो. केसभर आत बसवल्या असत्या, की झालं असतं." डब्याकडे पाहून त्यानं डोकं हलवलं. "पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं."

मनगटाचं तो काही बोलला नाही. तिनंही काढलं नाही. ती त्याच्या तोंडासमोर आली आणि सावकाश विचारलं, "कधीपासून?"

तो खरंच आठवू लागला. कपाळाला आठ्या घालून, तारीख शोधावी तसा.

"तू ते जाळीचं दार दुरुस्त केलंस ना," तो म्हणाला, "त्याच्या आसपास."

वाऱ्यानं दार उघडलं आणि ते कर्कश किंचाळलं.

आर्डिस दचकली. डेल्मर डबा बाकावर ओतून एकेक काडतूस नळीत सोडत होता, बोटानं फिरवून बघत होता. उघड्या डोळ्यांनी.