शेजारची तार

सांध्यापासून अर्ध्या मिलिमीटरवर तारेचा रंग बदलत होता. आधी चंदेरी, मग वाळल्या गवतासारखा, मग अगदी बारीक निळी कड. भिंगाखाली ती कड दूरच्या आभाळासारखी दिसे. तार तिथंच तुटली होती.

नूतनने वहीत लिहिलं : सांधा शाबूत. सकाळपासूनची ही सातवी स्प्रिंग. सातही ठिकाणी वेल्डिंगचा ठिपका जसाच्या तसा होता. तुटली होती ती त्याच्या शेजारची तार.

जळगावच्या एमआयडीसीतल्या या थंड खोलीत केसाएवढ्या तारेच्या लांब, लवचीक स्प्रिंगा तयार होत. डॉक्टर एका टोकाला बोटांनी वळवणार आणि शरीरात हातभर आत गेलेलं दुसरं टोक तेवढंच वळणार.

"सगळं काम पिळाचं आहे," सुपरवायझर कोकिळाताई म्हणाल्या होत्या. "आच लागली की तार राहते, पीळ जातो. आता आच न लावता जोडून बघ. आणि डबा खा वेळेवर, नाहीतर तार बघता बघता तूच तार होशील."

सुंभ जळतो, पीळ जळत नाही. फैजपूरच्या पहिल्या बैठकीत सासरच्या आबांनी हेच ऐकवलं होतं, नूतनकडे बोट दाखवून. सगळे हसले होते. तिचे वडीलही.

बैठका तीन झाल्या. दर वेळी दोन्हीकडचे वडीलधारे बसले, तिच्या नवऱ्याला, जितेंद्रला थोडं बोलले, तिला बरंच बोलले, चहा झाला आणि ती परत नांदायला गेली. जितेंद्र वाईट नव्हता. त्याला घरात शांतता हवी असे आणि तिला कुणीतरी उत्तर द्यायला. पहिल्या बैठकीनंतर तिनं भौतिकशास्त्राची पुस्तकं माळ्यावर टाकली. दुसरीनंतर जेवताना बोलणं सोडलं. तिसरीनंतर आपलं दुखतं कुठं, हेच तिला सांगता येईना. आठ महिन्यांपूर्वी ती असोद्याला माहेरी आली. येत्या रविवारी चौथी बैठक होती. परत नांदायला जाणार, हो की नाही, एवढंच तिनं सांगायचं होतं. रोज बसमध्ये ती उत्तर जुळवी आणि उतरताना ते सीटवरच राही.

तिनं चिमट्यानं दोन स्प्रिंगा उचलल्या. टोकाचे वेढे जरासे फाकवले. एक दुसरीत फिरवली, नटात बोल्ट फिरवावा तशी. जाईना. वेढे एकमेकांवर चढत आणि घसरत. भिंगात त्या दोन घाटवाटांसारख्या दिसत होत्या. नूतन एकीवरून चालत निघाली. समोरून दुसरी वाट येत होती, अगदी जवळ, अगदी तेवढ्याच रुंदीची. दोन्ही वाटा एकमेकींना कापून निघून जात होत्या. कंप्रेसरचा आवाज कुठेतरी पाण्याखालून आल्यासारखा येत होता.

मग तिच्या लक्षात आलं. ट्रे चुकला होता. आतल्या थराच्या स्प्रिंगा डाव्या पिळाच्या असतात, बाहेरच्या उजव्या. तिनं एक इथली घेतली होती, एक तिथली.

योग्य ट्रेमधली दुसरी उजवी स्प्रिंग घेतली. वेढ्यात वेढा आपसूक सरकत गेला, काही न विचारता. तिनं ओढून पाहिलं, पीळ देऊन पाहिला. दुसरं टोक वळलं, तेवढंच. नूतन कितीतरी वेळ ते टोक वळवत राहिली. न जुळणारी जोडी तिनं कागदाच्या पुडीत गुंडाळली आणि खिशात ठेवली.

जेवणाच्या सुट्टीत तिचे वडील, नाना, फाटकाबाहेर कडुलिंबाखाली उभे होते. वरणगावच्या फॅक्टरीत तीस वर्षं वेल्डर होते ते. अजून प्रत्येक वस्तूचा सांधा आधी पाहत.

"फैजपूरचा फोन आल्ता," ते म्हणाले. "मानसं बोलवनं पडतीन. तू काही सांगशीन का नही, पोरी? मोडलेलं जुडत नही असं काही नसते."

नूतनने पुडी त्यांच्या हातात दिली. "हे जोडून पाहा बरं, नाना."

त्यांनी चष्मा चढवला. स्प्रिंगा उन्हात धरल्या, फिरवल्या, पुन्हा फिरवल्या. मग हसले. "फसवते का बापाले? एकीचा पीळ उजवा, एकीचा डावा. हे कसं जुडीन?"

"अन् जोडायचंच ठरवलं तर?"

"मंग आच देनी पडीन." जुनी सवय होती, पुढचं वाक्य त्यांनी विचार न करताच बोलून टाकलं. "जुडीन. सांधा पक्का होईन. पन शेजारून तुटीन."

उन्हात धरलेल्या स्प्रिंगा त्यांनी खाली घेतल्या. चष्म्यावरून त्यांनी लेकीकडे पाहिलं. सांधा पाहतात तसं नाही. सांध्याच्या थोडं बाजूला. लिंबाची सावली दोघांच्या पायांवर हलत होती.

"त्यायले काय सांगू?" त्यांनी हळूच विचारलं.

"बैठक नको, नाना. मले फारकत पाहिजे."