अडतीस टक्क्यांची लेन्स

"अडतीस? म्हणजे काठावर पास," हेडसर म्हणाले आणि त्यांनी लेन्सची डबी दोन बोटांनी मागे सरकवली. "ती दुसरी दाखवा. चौऱ्याहत्तरवाली."

डोळे तपासणाऱ्या बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा खुर्चीत बसलेल्या त्यांच्या मुलीकडे. "सर, ते मार्क नाहीत. लेन्समध्ये पाणी किती, त्याचे टक्के आहेत."

"मीही तेच म्हणतोय. हिचे डोळे कोरडे आहेत, असं तुम्हीच सांगितलंत. मग पाणी जास्त नको का? सरळ गणित आहे."

हेडसर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण टक्के काही त्यांना सोडून गेले नव्हते. मोबाइलची बॅटरी चाळिसाच्या खाली उतरली की घरात कोणीतरी नापास झाल्यासारखा त्यांचा चेहरा होई. निवृत्तीच्याच वर्षी मुलीची शालान्त परीक्षा झाली आणि ते या नव्या गावात राहायला आले. टेम्पोतून सामान उतरायच्या आत अख्ख्या बिल्डिंगला कळलं होतं की हेडसरांच्या मुलीला त्र्याऐंशी टक्के आहेत. तिची गुणपत्रिका तेवढी कोणी पाहिली नव्हती. असे कागद जपून ठेवावे लागतात, म्हणून ती कपाटात कुलपात होती. आताही कोणी न विचारता हेडसरांनी बाईंना ते त्र्याऐंशी ऐकवून टाकले. मुलगी नेहमीसारखी चष्म्याची काच पुसायला लागली.

तिचा जीव सोमवारात अडकला होता. फळांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तिला काम मिळालं होतं. पहिलंच, आणि स्वतः खटपट करून मिळवलेलं. पण आतबाहेर करताना चष्म्यावर वाफ धरायची आणि समोरची ट्रॉली दिसेनाशी व्हायची. कामाच्या चाचणीच्या दिवशी ती सफरचंदांच्या खोक्यांवर जाऊन आदळली. "सोमवारी चष्म्याशिवाय या, नाहीतर येऊ नका," असं तिथल्या सुपरवायझरने स्वच्छ सांगितलं होतं. आत दिवसभर गार, कोरड्या हवेचा झोत चालू असे. त्यात आठ तास टिकेल अशी लेन्स तिला हवी होती.

"जास्त पाण्याची लेन्स घातल्याघातल्या छान वाटते," बाई समजावू लागल्या. "पण कोरड्या हवेत तिच्यातलं पाणी उडतं आणि मग ती ते डोळ्यातून ओढून घेते. हिच्या डोळ्यात आधीच ओलावा कमी आहे. ही अडतीसवाली वेगळ्या मटेरियलची आहे. डोळ्याला हवा पोचवायला तिला एवढं पाणी लागत नाही."

"अडतीस टक्क्यांची वस्तू माझ्या घरात येणार नाही," हेडसर म्हणाले.

मुलीने मान खाली घातली. बाईंनी ते पाहिलं. त्या म्हणाल्या, "मग परीक्षाच घेऊ या."

परीक्षा म्हटल्यावर हेडसर एकदम खुलले. उजव्या डोळ्यात चौऱ्याहत्तर, डाव्यात अडतीस. खुर्ची एसीच्या झोतासमोर. वेळ दीड तास. हेडसरांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि पहारा द्यायला समोर बसले. मुलीचा हात डोळ्याकडे गेला की ते खाकरत. दहा मिनिटांनी मुलगी म्हणाली की उजवा जास्त गार वाटतोय. हेडसरांनी बाईंकडे असं पाहिलं, जणू पेढेच वाटायचे बाकी होते. पाऊण तासाने उजवा डोळा मिचमिचायला लागला. तासाभरात लाल झाला. दीड तास संपला तेव्हा लेन्स डोळ्याला चिकटून बसली होती, ती बाईंना थेंब घालून सोडवावी लागली. डावा डोळा मात्र भिंतीवरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचत होता.

"फेरतपासणी करता येईल का?" हेडसरांनी विचारलं.

"येईल की. पण डोळा हिचाच जाणार, सर."

हेडसर त्या लाल डोळ्याकडे बघत राहिले. त्यांना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. लेकीवर त्यांचा जीव होता. "दोन्ही अडतीसच्याच द्या," ते हळूच म्हणाले. डोळा निवल्यावर बाईंनी उजव्यातही तीच लेन्स घातली. उरलेल्या डब्या हेडसरांनी पिशवीत ठेवल्या, आकडा आतल्या बाजूला करून.

जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या. मुलीचा चष्मा गायब आहे हे त्यांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. "अगं बाई, लेन्स घेतल्यास होय? चांगल्या आहेत ना?"

"एकदम वरच्या दर्जाच्या," हेडसरच म्हणाले. "त्र्याऐंशी टक्के पाणी."

मुलगी दोन पायऱ्या वर गेली होती. ती थांबली. गेली सहा वर्षं याच जिन्यात हा आकडा कानावर पडला की ती खाली बघत भराभर वर निघून जायची. आज ती परत खाली आली. काकूंचं कौतुकाने भरलेलं तोंड आणि बाबांच्या कपाळावरचा घाम तिला लख्ख दिसत होता.

"अडतीस, काकू," ती म्हणाली. "लेन्सलापण, आणि परीक्षेत मलापण."