काल काय जेवलात?

टेबलावर सफरचंदांची पिशवी ठेवत काकू म्हणाल्या, "आभार मानायला आले, ताई. ह्यांना इतके महिने जेवू घातलंत तुम्ही."

आहारतज्ज्ञ गोंधळली. काका गेल्याचं तिला फोनवरून कळलं होतं, पण काकूंना ती आज पहिल्यांदाच बघत होती. अंगावर सैल झालेला स्वेटर, केस घाईघाईने बांधलेले. दुसरीकडे कुठेतरी जायच्या त्या चुकून इथे आल्या असाव्यात, असं तिला वाटलं.

"इथे जेवण नसतं हो, काकू," ती म्हणाली. "आम्ही फक्त विचारतो. काल काय खाल्लं, किती खाल्लं. त्यावरून अभ्यास करतो."

काकूंचा चेहरा बघितला आणि तिला जीभ चावावीशी वाटली. पण तोवर बोलून झालं होतं.

काकूंची नजर टेबलावरच्या वाडग्यांवर गेली. लहान, मधला, मोठा. तिन्ही रिकामे, पुसून लख्ख. एकाचं थोडं ते दुसऱ्याचं भरपूर असतं, म्हणून हे वाडगे ठेवलेले. ज्याने त्याने उचलून दाखवायचं, एवढं खाल्लं. या खोलीत वर्षानुवर्षं माणसं अशीच रिकाम्या भांड्यांतून जेवत आली होती आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

"मला म्हणायचे, अभ्यासवाले रोज दुपारी जेवण देतात, तू उठू नकोस," काकू म्हणाल्या. "आमची धाकटी लेक गेली. त्यानंतर मी भिंतीकडे तोंड करून पडले ती पडलेच. घरात गॅस पेटला नाही. ह्यांना साधा चहासुद्धा धड जमायचा नाही. पण जेवून आलो म्हणायचे, पोटावरून हात फिरवून दाखवायचे. मी म्हटलं, चला, यांची तरी सोय झाली. मग इथे काय सांगायचे ते?"

मुलाखतींचं रेकॉर्डिंग बाहेरच्या कुणाला ऐकवायचं नाही, असा नियम होता. तो तिनेच टाइप करून दारावर चिकटवला होता. तिने दार लावून घेतलं आणि काकांची शेवटची मुलाखत लावली.

आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग खोकला, मग काका.

"काल ना? काल... भात. आणि... बटाट्याची भाजी. गाजर घालून. आणि... दोन अंडी, उकडलेली."

प्रत्येक पदार्थाआधी काका असेच थांबायचे, डोळे मिटून. आठवतायत, असं तिला वाटायचं. आठवायला वेळ द्यावा, मध्ये बोलू नये, हे तिला शिकवलेलंच होतं.

"भात किती, काका?" हा तिचा स्वतःचा आवाज. उत्साहाने नुसता उतू जाणारा.

भांड्यावर भांडं आपटल्याचा आवाज झाला. "हा मोठा. काठोकाठ. नको म्हटलं तरी ही वाढतेच. भाजीत मीठ मात्र जरा जास्त पडलं होतं."

"माझ्या हातून मीठ जास्त?" काकू एकदम ताठ बसल्या. "उभ्या जन्मात कधी..."

खोलीत दोघीच होत्या, पण तिसरं माणूस जेवत होतं, आणि चवीने जेवत होतं. पुढे काय आहे ते आहारतज्ज्ञेला आता आठवलं. बंद करायला तिने हात पुढे केला, तसं काकूंनी तिचं मनगट धरलं.

"काका, आता हात जरा आखडता घ्या हं," तिचा आवाज सांगत होता. "मोठा वाडगा नको, मधला घ्या. पण शाब्बास! वजन काय छान उतरतंय. आमच्या सगळ्या मंडळींत तुमचा पहिला नंबर!"

मागे टाळ्या वाजल्या. त्या दिवशी तिने डॉक्टरांनाही मुद्दाम बोलावून घेतलं होतं. काकांच्या कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेली नवी भोकं तिनेच सगळ्यांना कौतुकाने दाखवली होती.

"हो, हो," काका हसले. "सांगतो हिला, कमी वाढत जा म्हणून. पण वाईट वाटेल हो तिला."

रेकॉर्डिंग संपलं. काकूंनी मनगट सोडलं नव्हतं.

"मीच सांगितलं त्यांना, कमी खा म्हणून," ती म्हणाली. तिला रडू आवरेना. "काकू, माणूस समोर उपाशी बसलं होतं. आणि मी टाळ्या वाजवल्या."

काकू तिला ओरडल्या नाहीत, समजूतही घातली नाही. त्यांनी तिचा हात सोडला आणि आपली खुर्ची स्पीकरजवळ ओढून घेतली.

"पहिल्यापासून लावा," त्या म्हणाल्या. "अगदी पहिल्या दिवसापासून. त्यांना काय काय खावंसं वाटत होतं, ते मला नीट ऐकू दे."