डाग कशाचा

स्ट्रेचर बाहेर काढायला स्कॅनच्या खोलीचं दार उघडलं, आणि बाकावरून उठलेल्या बाईला नवऱ्याचं डोकं थेट पडद्यावर दिसलं. करड्या मेंदूत डाव्या बाजूला लालभडक डाग. तिने आत बसलेल्या टेक्निशियनला विचारलं,

"रक्त झालंय ना, ताई?"

टेक्निशियनने ओठांवर आलेलं उत्तर गिळलं. निकाल डॉक्टरांनीच सांगायचा, आपण तोंड उघडायचं नाही, हा तिथला नियम. आणि डॉक्टर दुसऱ्या पेशंटपाशी अडकले होते.

सकाळी ह्या माणसाच्या मेंदूतली गुठळी नळी घालून काढली होती. नंतरच्या साध्या स्कॅनमध्ये पांढरा डाग दिसला. त्यात रक्तही पांढरं दिसतं आणि गुठळी शोधायला नसेत सोडलेला डायही पांढराच. डाय असेल तर तो आपोआप निघून जातो, आणि पुन्हा गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करायचं औषध देता येतं. रक्त असेल तर तेच औषध जिवावर बेतायचं. म्हणून त्याला नव्या मशीनवर आणलं होतं. हे मशीन आरपार येणारे कमी-जास्त ताकदीचे किरण वेगवेगळे मोजतं आणि कुठला पदार्थ कुठे आहे ते वेगळं काढतं. डाग डायचाच होता. डाय वगळलेल्या चित्रात मेंदू स्वच्छ होता. पण डायला लाल रंग द्यायची पद्धत ह्याच विभागाने पाडलेली, लाल पटकन नजरेत भरतो म्हणून. पेशंटच्या माणसांना तो कसा दिसेल, हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

बाई फोनवर मुलीला सांगत होती, "ये गं लवकर. बाबांच्या डोक्यात रक्त झालंय."

टेक्निशियनला राहवेना. बोलायचं तर नव्हतं. तिने माऊस हलवला आणि लालचा हिरवा करून टाकला.

बाई धडपडत दाराशी आली. "लाल गेलं? थांबलं का रक्त?"

झाली पंचाईत! आता गप्प बसणं म्हणजे धडधडीत खोटं बोलणंच होतं.

"काकू, रक्त नव्हतंच. डाय आहे तो. रंग आम्हीच देतो, कुठलाही." मग आवाज खाली आणून, "मी सांगितलं म्हणू नका हं. माझी खैर नाही."

"पण दोन्ही सारखंच दिसतं म्हणाले होते डॉक्टर."

"ह्या मशीनला फरक कळतो."

बाई शिवणकाम करायची. "दिव्याखाली दोन दोरे काळेच दिसतात," ती स्वतःशीच पुटपुटली. "दारात उजेडाला नेले की एक निळा निघतो."

"अगदी तसंच."

बाईने मान डोलावली. फोन हातातच होता, पण मुलीला तिने परत लावला नाही.

डॉक्टर घाईघाईने आले, पडद्यापुढे वाकले. "हिरवा कुणी केला?" टेक्निशियन भिंतीवरचं घड्याळ बघू लागली. उत्तराची वाट न बघता ते वळले. "काकू, रक्त नाही. नुसता डाय आहे. औषध सुरू करतोय."

"अगंबाई! हो का, डॉक्टर?" बाई म्हणाली, आणि ओंजळीत तोंड लपवून हमसाहमशी रडायला लागली. डॉक्टरांनी तिचा खांदा थोपटला आणि ते गेले.

टेक्निशियनने पाण्याचा ग्लास पुढे केला. "केवढं नाटक केलंत, काकू! मीच घाबरले."

"नाटक कसलं, पोरी?" बाई डोळे पुसत म्हणाली. "तू सांगितलंस तेव्हा खरं मानायचा धीरच झाला नव्हता."