मॅडमचं टपाल

विद्यापीठाच्या शिपायाने तीस वर्षांत परदेशात शिकवायला जाण्यासाठीच्या सरकारी अनुदानाची पत्रं कितीतरी प्राध्यापकांच्या हातात दिली होती. आज तसाच लिफाफा आला, आणि त्यावर त्याच्या मुलीचं नाव होतं. ती याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर गणित शिकवायची. त्याने शर्टाची वरची गुंडी लावली, जिना चढला आणि दारावर टकटक केली. “मॅडम, टपाल आहे.” ती ताडकन उठली. “बाबा, मॅडम काय म्हणता? बसा.” “आधी सही,” म्हणत त्याने टपालवही पुढे केली. तिने सही केली, लिफाफा फोडला, पत्र वाचलं आणि त्याच्याकडे दिलं. ‘निवड’ हा शब्द त्याला लगेच सापडला. खाली उतरण्याऐवजी तो शेजारच्या दारात उभा राहिला. “माझं काही आलंय का?” आतल्या सरांनी विचारलं. “नाही, सर,” तो म्हणाला. “मुलीचं आलंय.”